निवृत्तिवेतनविषयक वादांचे न्यायालयीन स्थलांतर : एक विवेचन

प्रस्तावना

निवृत्तिवेतनाविषयी वाद निर्माण झाला की हक्काच्या प्रश्नाआधी अधिकारितेचा प्रश्न उभा राहतो. दाद मागावयाची ती कोणाकडे, हे ठरल्याशिवाय हक्क आहे की नाही याची चर्चाही सुरू होत नाही. सांगली जिल्ह्यातील कडेगावसारख्या तालुक्याच्या गावी निवृत्त प्राध्यापक, तहसील कचेरीतून निवृत्त झालेला अव्वल कारकून, टपाल खात्यातील निवृत्त कर्मचारी, साखर कारखान्यातील कामगार आणि सैन्यातून परतलेला माजी सुभेदार एकमेकांच्या शेजारी राहत असतात. पाचही जणांचा निर्वाह निवृत्तिवेतनावर चालतो. मात्र ते कमी मिळाले, उशिरा मिळाले किंवा नाकारले गेले, तर पाचही जणांना पाच वेगवेगळ्या न्यायासनांची वाट धरावी लागते. एकाची वाट दुसऱ्याने धरली तर अर्ज अधिकारितेअभावी फेटाळला जातो आणि वयाच्या उतरणीवरील काही वर्षे निष्फळ जातात.

ही व्यवस्था एका दिवसात निर्माण झालेली नाही. दिवाणी न्यायालयाकडून उच्च न्यायालयाकडे, तेथून न्यायाधिकरणाकडे आणि न्यायाधिकरणाकडून पुन्हा उच्च न्यायालयाकडे असा निवृत्तिवेतनविषयक वादांचा प्रवास गेल्या दीडशे वर्षांत झाला आहे. या प्रवासाचे टप्पे स्पष्ट करणे, अमेरिकेतील राज्य न्यायालयातून संघीय न्यायालयात वाद नेण्याच्या पद्धतीशी त्याची तुलना करणे आणि महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने त्यांचा अर्थ मांडणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दिवाणी न्यायालयाचा बंद दरवाजा

ब्रिटिश राजवटीत निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी मानली जात असे. निवृत्तिवेतन अधिनियम, १८७१ च्या कलम ४ ने सरकारने दिलेल्या निवृत्तिवेतनाविषयी वा अनुदानाविषयी दिवाणी न्यायालयात दावा चालविण्यास मनाई केली. अशा मागण्या जिल्हाधिकाऱ्याकडे कराव्यात आणि त्याने प्रमाणपत्र दिले तरच दिवाणी न्यायालयाने प्रकरणाची दखल घ्यावी, अशी ही रचना होती. इनामे, वतने आणि संस्थानिकांच्या वारसांना दिलेल्या नेमणुका यांविषयीचे वाद न्यायालयात येऊ नयेत, हा त्यामागील एक व्यवहारी विचार होता. परिणामी ज्याच्याकडून रक्कम येणे आहे त्याच्याच अधिकाऱ्याकडे दाद मागावयाची, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली.

भारतीय संविधानाने हे चित्र पालटले. अनुच्छेद २२६ नुसार उच्च न्यायालयास आणि अनुच्छेद ३२ नुसार सर्वोच्च न्यायालयास प्राधिलेख काढण्याचा अधिकार मिळाला. देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या १९७१ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही कृपा नसून कर्मचाऱ्याचा हक्क आहे आणि तो मालमत्तेचा हक्क आहे, असे स्पष्ट केले. १८७१ च्या अधिनियमातील मनाई दिवाणी दाव्यापुरती आहे. शासनाने नियमानुसार निवृत्तिवेतनाचा विचार करावा असा परमादेश काढण्याच्या आड ती येत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. पुढे दि. १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार या निर्णयात केवळ निवृत्तीच्या दिनांकावरून निवृत्तिवेतनधारकांत भेद करणे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविण्यात आले. मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने वगळला गेला, तरी अनुच्छेद ३०० अ अन्वये निवृत्तिवेतनास मालमत्तेचे संरक्षण कायम असून वैधानिक नियमाच्या आधाराशिवाय केवळ प्रशासकीय आदेशाने ते रोखता येत नाही, हे झारखंड राज्य विरुद्ध जितेंद्रकुमार श्रीवास्तव या २०१३ मधील निर्णयाने अधोरेखित केले.

अशा रीतीने निवृत्तिवेतनविषयक वादांचे पहिले स्थलांतर दिवाणी न्यायालयास वळसा घालून उच्च न्यायालयाकडे झाले.

केंद्र आणि राज्य : विषयांची विभागणी

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत निवृत्तिवेतनाचा विषय तिन्ही सूचींत विभागलेला आढळतो. भारत सरकारने किंवा भारताच्या संचित निधीतून द्यावयाची निवृत्तिवेतने संघसूचीतील नोंद ७१ मध्ये येतात, तर राज्याची निवृत्तिवेतने राज्यसूचीतील नोंद ४२ मध्ये येतात. भविष्यनिर्वाह निधी व वार्धक्य निवृत्तिवेतन हे विषय समवर्ती सूचीतील नोंद २४ मध्ये आहेत. मात्र विषयांची विभागणी झाली तरी न्यायालयांची विभागणी झालेली नाही. भारतात न्यायव्यवस्था एकात्म आहे. राज्याच्या कायद्याचे वाद राज्य न्यायालयात आणि केंद्राच्या कायद्याचे वाद संघीय न्यायालयात, अशी दुहेरी रचना येथे नाही. मुंबई उच्च न्यायालय महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ चा अर्थ लावते, तसेच केंद्रीय कायद्यांचाही लावते. त्यामुळे भारतातील स्थलांतर हे राज्याच्या न्यायालयाकडून केंद्राच्या न्यायालयाकडे होत नसून सामान्य न्यायालयाकडून विशेष न्यायाधिकरणाकडे होते.

न्यायाधिकरणांची स्थापना आणि प्रलंबित दाव्यांचे वर्गीकरण

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३२३ अ समाविष्ट झाला आणि त्यास अनुसरून प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ अस्तित्वात आला. त्यातील 'सेवाविषयक बाबी' या संज्ञेत वेतन व भत्त्यांसोबत निवृत्तिवेतन आणि अन्य निवृत्तिलाभ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दि. १ नोव्हेंबर १९८५ रोजी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण सुरू झाले. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण १९९१ मध्ये स्थापन झाले. त्याचे मुख्य पीठ मुंबई येथे असून अन्य पीठे नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत.

या अधिनियमातील कलम २९ प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. न्यायाधिकरणाच्या स्थापनेच्या दिवशी कोणत्याही न्यायालयात प्रलंबित असलेला व न्यायाधिकरणाच्या कक्षेत येणारा दावा आपोआप न्यायाधिकरणाकडे वर्ग होईल, अशी तरतूद या कलमाने केली. उच्च न्यायालयात प्रलंबित असलेली अपिले तेवढी त्यातून वगळण्यात आली. या स्थलांतरासाठी पक्षकाराला अर्ज करावा लागला नाही आणि त्याला ते नाकारण्याची मुभाही नव्हती. त्याच अधिनियमाच्या कलम २८ ने सर्वोच्च न्यायालयाव्यतिरिक्त अन्य न्यायालयांची अधिकारिता काढून घेतली. परिणामी राज्य शासनाच्या सेवेतील कर्मचाऱ्याला उच्च न्यायालयाचा मार्ग काही काळ बंद झाला आणि न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध थेट दिल्ली गाठावी लागू लागली. बहुसंख्य निवृत्तांना ते परवडणारे नव्हते.

दि. १८ मार्च १९९७ रोजी एल. चंद्रकुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ही स्थिती बदलली. अनुच्छेद २२६ व २२७ अन्वये उच्च न्यायालयास असलेला न्यायिक पुनर्विलोकनाचा अधिकार हा संविधानाच्या मूलभूत संरचनेचा भाग असून तो काढून घेता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. न्यायाधिकरणे प्रथम दाद मागण्याची ठिकाणे म्हणून कायम राहिली. मात्र त्यांच्या निर्णयांची तपासणी संबंधित उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाकडे आली. म्हणजेच १९८५ मध्ये पूर्ण झालेले स्थलांतर १९९७ मध्ये अंशतः मागे घेतले गेले.

सैनिकांच्या बाबतीतही असेच घडले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत सैनिकी सेवेची परंपरा जुनी असल्याने येथे अपंगत्व निवृत्तिवेतन आणि कुटुंब निवृत्तिवेतन यांविषयीचे प्रश्न घरोघरी परिचित आहेत. सशस्त्र सेना न्यायाधिकरण अधिनियम, २००७ च्या कलम ३४ ने उच्च न्यायालयांसह सर्व न्यायालयांतील प्रलंबित प्रकरणे नव्या न्यायाधिकरणाकडे वर्ग केली. २०१५ मध्ये मेजर जनरल श्रीकांत शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा निर्णयांविरुद्ध उच्च न्यायालयाने रिट याचिका स्वीकारू नये अशी भूमिका घेतली. २०२३ मध्ये परशोतम दास प्रकरणात त्याच न्यायालयाने उच्च न्यायालयाचा अनुच्छेद २२६ खालील अधिकार पुन्हा मान्य केला. या दोन निर्णयांमधील आठ वर्षांत उच्च न्यायालयाचा दरवाजा बंद असल्याचे समजून परत फिरलेल्या माजी सैनिकांच्या अडचणीची कल्पना करता येते.

कामगारांचे निवृत्तिवेतन

साखर कारखाने, सूतगिरण्या आणि किर्लोस्करवाडीसारखी औद्योगिक वसाहत यांतील कामगारांचे निवृत्तिवेतन कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी अधिनियम, १९५२ खाली आणलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मधून येते. हा वाद शासकीय सेवेचा नसल्याने प्रशासकीय न्यायाधिकरण त्यात लक्ष घालू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने शिवकुमार जोशी (२०००) आणि भवानी (२००८) या प्रकरणांत भविष्यनिर्वाह निधीचा सदस्य हा 'ग्राहक' असल्याचे मान्य केले. त्यामुळे कामगाराला जिल्ह्याच्या ठिकाणीच ग्राहक आयोगाकडे जाता येते.

हा मार्ग पाहून काही शासकीय कर्मचारीही ग्राहक मंचाकडे गेले. तथापि जगमित्तर सेन भगत विरुद्ध संचालक, आरोग्य सेवा, हरियाणा या २०१३ मधील निर्णयात शासकीय कर्मचारी आपल्या निवृत्तिलाभांसाठी 'ग्राहक' ठरत नाही, असे स्पष्ट झाले. ज्या मंचास मुळात अधिकारिता नाही त्यास ती पक्षकारांच्या संमतीनेही प्राप्त होत नाही, हा त्या निर्णयाचा दुसरा धडा आहे. समोरच्या पक्षाने हरकत घेतली नाही म्हणून चुकीच्या ठिकाणी मिळविलेला आदेश शेवटपर्यंत टिकेलच असे नाही.

वाढीव वेतनावर निवृत्तिवेतन मिळण्याच्या प्रश्नावर केरळ, राजस्थान व दिल्ली येथील उच्च न्यायालयांचे निर्णय सर्वोच्च न्यायालयापुढे एकत्र आले आणि दि. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सुनीलकुमार बी. प्रकरणात २०१४ ची दुरुस्ती बहुतांशी वैध ठरवून पात्र सदस्यांना पर्याय देण्यासाठी चार महिन्यांची मुदत देण्यात आली. एकच प्रश्न अनेक उच्च न्यायालयांत असेल तर अनुच्छेद १३९ अ अन्वये सर्वोच्च न्यायालय ती प्रकरणे स्वतःकडे घेऊ शकते किंवा एका उच्च न्यायालयाकडून दुसऱ्याकडे वर्ग करू शकते. वरच्या न्यायालयाकडे वाद नेण्याचा हा भारतीय मार्ग आहे.

अमेरिकेतील पद्धतीशी तुलना

अमेरिकेत राज्य न्यायालये आणि संघीय न्यायालये अशा दोन समांतर व्यवस्था आहेत. १९७४ च्या कर्मचारी निवृत्ती उत्पन्न सुरक्षा कायद्याने, म्हणजे 'एरिसा'ने, खासगी मालकांच्या निवृत्तिवेतन योजना केंद्रीय कायद्याखाली आणल्या. योजनेतील लाभ मिळावा एवढ्यापुरता दावा सदस्य राज्य न्यायालयातही दाखल करू शकतो. अन्य बहुतेक दावे केवळ संघीय न्यायालयातच चालतात. मात्र सदस्याने राज्य न्यायालय निवडले तरी प्रतिवादी कंपनी किंवा योजना नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत तो दावा संघीय न्यायालयात हलवू शकते. या प्रक्रियेस तेथे 'रिमूव्हल' म्हणतात.

सर्वसाधारण नियमानुसार वादीने स्वतःच्या दाव्यात केंद्रीय कायद्याचा आधार घेतला असेल तरच असा दावा हलविता येतो. प्रतिवादीचा बचाव केंद्रीय कायद्यावर आधारलेला असणे पुरेसे नसते. परंतु मेट्रोपॉलिटन लाइफ विरुद्ध टेलर (१९८७) आणि एटना हेल्थ विरुद्ध डाविला (२००४) या निर्णयांनी निवृत्तिलाभ व कर्मचारी लाभ योजनांबाबत अपवाद केला. वादीने आपला दावा राज्याच्या करार कायद्यावर किंवा नुकसानभरपाईच्या कायद्यावर बेतला असला, तरी त्याचे खरे स्वरूप योजनेतील लाभाची मागणी असेल तर तो केंद्रीय दावाच समजला जातो. याचा परिणाम केवळ इमारत बदलण्यापुरता राहत नाही. संघीय कायद्याखाली सदस्याला देय लाभ मिळू शकतो; राज्याच्या कायद्याखाली मिळू शकणारी दंडात्मक भरपाई मात्र मिळत नाही. राज्ये व स्थानिक संस्था यांच्या स्वतःच्या योजनांना एरिसा लागू नाही. त्यामुळे तेथील खासगी कंपनीत नोकरी करणारा मराठी अभियंता आणि सरकारी शाळेत शिकविणारी त्याची पत्नी यांचे निवृत्तिवेतनविषयक वाद एकाच घरात राहूनही वेगवेगळ्या कायद्यांनी चालतात.

या तुलनेतून दोन भेद ठळक होतात. पहिला, अमेरिकेत स्थलांतराचा पर्याय प्रतिवादीच्या हाती असतो, तर भारतात तो विधिमंडळाच्या किंवा वरिष्ठ न्यायालयाच्या हाती असतो. दुसरा भेद निवृत्तांच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. अमेरिकेत हलविलेला दावा जिवंत राहतो आणि स्थलांतर अयोग्य ठरल्यास तो राज्य न्यायालयाकडे परत पाठविला जातो. भारतात प्रतिवादी शासन अधिकारितेची प्राथमिक हरकत घेते आणि ती मान्य झाल्यास अर्ज बहुधा निकाली निघून अर्जदाराला योग्य ठिकाणी नव्याने जावे लागते. चुकीच्या न्यायालयात सद्‌भावनेने घालविलेला काळ मुदतीतून वगळण्याचे तत्त्व मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १४ मध्ये आहे; तथापि त्यामुळे मुदत वाचते, वर्षे परत मिळत नाहीत.

महाविद्यालयीन शिक्षकांची स्थिती

अनुदानित अशासकीय महाविद्यालयातील शिक्षक शासनाकडून वेतन व निवृत्तिवेतन घेत असला तरी तो शासकीय कर्मचारी नाही. म्हणून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण त्याचा अर्ज ऐकू शकत नाही. त्याच्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खाली विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण आहे. पूर्वी १९९४ च्या अधिनियमातही ते होते. परंतु त्याची अधिकारिता बडतर्फी, सेवेतून काढून टाकणे, सेवासमाप्ती, पदावनती आणि पदोन्नतीत डावलणे अशा संस्थेच्या कृतींविरुद्धच्या अपिलांपुरती आहे. निवृत्तिवेतन नाकारणारा निर्णय सामान्यतः शिक्षण विभागाचा किंवा महालेखापाल कार्यालयाचा असतो. त्यामुळे अशा शिक्षकासाठी अनुच्छेद २२६ खालील रिट याचिका हाच प्रमुख मार्ग राहतो. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मनुभाई प्रागजी वशी या १९९५ मध्ये निकाली निघालेल्या प्रकरणात खासगी विधी महाविद्यालयांना अनुदान व निवृत्तिवेतन योजनेपासून वगळणे चुकीचे ठरले, तेही मुंबई उच्च न्यायालयातील रिट याचिकेतून.

सध्याचे वाद मुख्यतः दि. १ नोव्हेंबर २००५ या सीमारेषेभोवती आहेत. दि. ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने त्या दिनांकापासून नियुक्त होणाऱ्यांना जुन्या योजनेऐवजी परिभाषित अंशदान योजना लागू केली. नियुक्ती आधीची पण संस्थेला पूर्ण अनुदान नंतरचे, किंवा जाहिरात आधीची पण नियुक्ती नंतरची, अशा सीमेवरील प्रकरणांतून याचिका उद्भवल्या. जाहिरात आधीची असलेल्या राज्य शासकीय कर्मचाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने जुन्या योजनेचा पर्याय दिला. प्रत्येक सवलतीच्या वेळी ती अनुदानित संस्थांतील शिक्षकांना लागू आहे किंवा कसे हा प्रश्न स्वतंत्रपणे पाहावा लागतो, कारण ते शासकीय सेवक नाहीत.

या पार्श्वभूमीवर दि. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे सुरू झालेले मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच या भागातील शिक्षकांसाठी महत्त्वाचे आहे. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१(३) खाली ते स्थापन झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. कडेगावच्या निवृत्त प्राध्यापकाला रिट याचिकेसाठी मुंबईऐवजी कोल्हापूरला जाता येते. याउलट त्याच्या शेजारच्या निवृत्त अव्वल कारकुनाला प्रथम दाद मागण्यासाठी मुंबईच्या न्यायाधिकरणाकडेच पाहावे लागते. खर्च कमी व्हावा म्हणून उभारलेले न्यायाधिकरण आता उच्च न्यायालयापेक्षा दूर राहिले, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

विलंबाचा प्रश्न

प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे अंतिम आदेशापासून एका वर्षात जावे लागते. अभ्यावेदन दिले असून सहा महिन्यांत उत्तर आले नाही, तर त्यापुढील एका वर्षात अर्ज करता येतो. रिट याचिकेस अशी ठराविक मुदत नाही, तथापि अवाजवी विलंब घातक ठरतो. भारत सरकार विरुद्ध तरसेमसिंग (२००८) या अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन कमी देणे हा दरमहा घडत राहणारा अन्याय मानला. त्यामुळे मागणी उशिरा केली तरी हक्क बुडत नाही, मात्र थकबाकी सामान्यतः याचिकेपूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे चुकीच्या ठिकाणी किंवा केवळ अर्जविनंत्यांत घालविलेल्या प्रत्येक वर्षाची किंमत थकबाकीतून मोजावी लागू शकते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. निवृत्तिवेतनाचा हक्क संविधानाने संरक्षित असला तरी तो कोणत्या न्यायासनापुढे मागावा हे मालक कोण आणि निवृत्तिवेतनाचा स्रोत कोणता यावर अवलंबून आहे. वादांचे स्थलांतर कायद्याने घडविले तेव्हा प्रलंबित दावे वर्ग करण्याची काळजी घेण्यात आली. मात्र पुढे चुकून अन्यत्र दाखल होणाऱ्या अर्जांसाठी तशी सोय झाली नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम १० अन्वये दिवाणी न्यायालय दावा योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत देते. त्यापुढे जाऊन न्यायाधिकरणे, ग्राहक आयोग व उच्च न्यायालय यांच्यात प्रकरण मूळ दाखल दिनांकासह परस्पर वर्ग करण्याची तरतूद झाल्यास निवृत्तांचा मोठा त्रास वाचेल.

तोपर्यंत जबाबदारी संस्था आणि शिक्षक यांच्याकडे राहते. सेवापुस्तकातील नोंदी, पहिल्या नियुक्तीचे मान्यता आदेश, संस्थेच्या अनुदानाचे टप्पे दर्शविणारी पत्रे आणि अभ्यावेदनाची पोच ही कागदपत्रे निवृत्तीपूर्वीच एकत्र करून ठेवली पाहिजेत. न्यायासन कोणतेही असो, निर्णय या कागदांवरच होतो.